२०९१ सालचं खान्देश, सरू आणि निंबा : कादंबरीसाठी सल्ला हवाय

केळीबागेतली (यावल)

मंडळी, नमस्कार. मी यावल तालुक्यातली. घरी केळी आहे, म्हणून हे नाव घेतलंय. जळगावला शिकते आणि रात्री अभ्यास आटोपला की एक कादंबरी लिहिते. पंधरा ते वीस वर्षांच्या वाचकांसाठी. गोष्ट भविष्यातली आहे, वाईट दिवसांची, आणि तिच्यात प्रेमकथाही आहे. या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्या आमच्या वसतिगृहात हातोहात फिरतात. पोरी रात्र रात्र जागून वाचतात. मराठीत आमच्या वयाच्या वाचकासाठी असं फार थोडं हाताला लागतं. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी : साल २०९१. काचेच्या छताखाली एक शहर आहे, नवनगर. तिथे सोळावं सरलं की प्रत्येकाची परीक्षा होते आणि चार थरांपैकी एका थरात जन्मभराची नेमणूक होते. वरच्या थराला हवं तेवढं पाणी, खालच्याला मोजून. माझी सरू खालच्या थरात पडते. तिथे तिला निंबा भेटतो, कुंपणाबाहेरून चोरून आत आलेला. तिचा लहानपणीचा मित्र विराज वरच्या थरात गेलाय, पहारेकरी झालाय. सरूचा जीव दोघांत अडकतो. शेवटी बंड होतं, छत फुटतं.

आता अडचण. बंड रंगात आलं की प्रेम मधेच लुडबुडल्यासारखं वाटतं, आणि प्रेमाचा प्रसंग आला की बंड तेवढा वेळ बाहेर ताटकळत उभं राहतं. एका प्रकरणात सरू आणि निंबा गच्चीवर बसतात, चंद्र बघतात, तो तिचा हात हातात घेतो. हा प्रसंग उचलून पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर नेऊन ठेवा, एक अक्षर बदलावं लागणार नाही. मला नेमकं हेच खुपतं. एवढं भयंकर जग उभं केलं, पण त्या जगाची झळ या दोघांच्या हातांना लागतच नाही.

दुसरं असं, की नवनगर कुठे आहे ते मी कुठेच लिहिलेलं नाही. मैत्रीण म्हणते, भुसावळ-जळगाव नको टाकूस, असल्या गोष्टी आपल्याकडे घडतात असं कुणाला वाटत नाही. मला हे पटत नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत विहिरी कोरड्या पडल्या, म्हणून बोअर आले, आता बोअरही खाली खाली चाललेत. पाणी कुणाच्या हातात राहणार हा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात आहे. मग गोष्ट इथेच का घडू नये?

तर गोष्ट इकडे आणायची तर कशी आणू, आणि या दोघांचं प्रेम त्या जगात मुरवायचं तर कुठून सुरुवात करू? विराजला ठेवू की काढू? वाचणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी, शेतीतल्या लोकांनीही सांगावं. गोड बोलण्याची गरज नाही.

पांझराकाठ (साक्री)

ताई, मी शाळेत शिकवतो आणि माझे आजोबा आमच्या बंधाऱ्यावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, होते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

नवनगर सोडून द्या. छत, परीक्षा, चार थर हे सगळं दुसऱ्यांच्या गोष्टीत वापरून झालंय, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमच्या राज्यकर्त्यांचं म्हणणं कुणालाच पटण्यासारखं नाही. लोक त्यांचं ऐकतात ते फक्त बंदुकीच्या भीतीने. असा जुलूम वाचकाला दोन पानांत कळतो, मग पुढची पानं फक्त तो कधी पडतो याची वाट बघण्यात जातात. ज्या नियमात लोकांना न्याय दिसतो, त्या नियमाखालची घुसमट लिहा.

आमच्याकडची फड पद्धत तुम्हाला ऐकून माहीत असेल, पण जवळून बघितली नसेल. पांझरा नदीवर एकाखाली एक बंधारे आहेत, शेकडो वर्षांचे. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्याच्याखाली भिजणारं सगळं रान म्हणजे थळ. थळाचे तीन-चार भाग पाडायचे, तेच फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात दुसरं काही, पुढल्या वर्षी अदलाबदल. गंमत पुढे आहे. बहुतेकांचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाऊस कमी झाला, बंधाऱ्यात पाणी थोडं आलं, की एखादा फड पाण्याविना सोडायचा. म्हणजे कुणा एकाचं रान वाळत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं वाळतं. आणि पाण्याला शेतकऱ्याने हात लावायचा नाही. भरणं पाटकरीच देणार. शेत सरपंचाचं असो की विधवेचं, पाटकरी तिथे सारखाच. पिकाची राखण जागल्याकडे, वरची देखरेख हवालदाराकडे. या सगळ्यांचा मोबदला धान्यात. पाटाचा गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून.

आता तुमच्या २०९१ मध्ये यातली एकच गोष्ट बदला. फडाचा कारभार बघणारे पंच गावाने निवडायचे बंद. बाकी सगळं तसंच ठेवा : थळ, फड, पाटकरी, जागल्या, धान्यातला मोबदला. वर एक मंडळ बसलंय आणि ते दर वर्षी सांगतं की आम्ही तुमच्या पूर्वजांचाच कायदा चालवतोय. ते खरंही आहे, म्हणून कुणाला त्यांच्यावर बोट ठेवता येत नाही. फक्त कोणता फड कोरडा सोडायचा हे ठरवणाऱ्यांचा एकही तुकडा आता त्या फडात नाही. तुमच्या कादंबरीचा सगळा अन्याय या एका वाक्यात मावतो. त्यासाठी काचेचं छत लागत नाही.

परीक्षेच्या जागी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, घ्या. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला ठरतं, आखाजी ते आखाजी. उचल घेतली की वर्षभर बांधला गेला. तुमच्या गोष्टीत सोळावं सरलेल्या प्रत्येक पोराचं आणि पोरीचं साल मंडळ ठरवतं, आणि उचल पाण्यात देतं. वर्ष संपेपर्यंत पाणी फिटत नाही, म्हणून पुढच्या आखाजीला पुन्हा तेच साल. खान्देशातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्या घरात नाही तर शेजारी कुणीतरी असं साल केलेलं असतं.

आता प्रेमाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच होता. सरूला पाटकरीण करा. पाटकऱ्याचा पहिला धर्म हा, की तो कुणा एकाचा असत नाही. आजोबा सांगायचे, ज्याच्या घरी पाटकरी जास्त वेळ बसतो त्याच्या शेताकडे गाव बघायला लागतं. म्हणून स्वतःच्या भावाकडेसुद्धा ते पाणीपाळीच्या दिवसांत जेवायला थांबत नसत. तुमच्या मंडळाने याचाच कायदा केलाय असं धरा : पाटकऱ्याने कुणात गुंतायचं नाही. हा नियम दुष्ट नाही. त्याच्यामागे शहाणपण आहे आणि सरूला ते पटलेलं आहे, तिला आपल्या कामाचा अभिमान आहे. अशा मुलीला निंबा आवडायला लागतो.

आता ती पाटाच्या दाराची फळी जरा जास्त वेळ वर धरते, निंबासाठी. ते पाणी कुठून आलं? थळाच्या शेवटाला कुणाचा तरी वाफा तेवढा कोरडा राहिला. प्रेमाची किंमत तिसरंच कुणीतरी मोजतंय आणि सरूला ते नाव माहीत आहे. यापुढे तुमचा एकही प्रेमप्रसंग पुण्याच्या गच्चीवर नेता येणार नाही. बंड आणि प्रेम वेगळेही राहणार नाहीत, कारण सरूला स्वतःलाच ठरवावं लागेल : आपण मोडला तो कायदा खोटा होता, की कायदा खरा होता आणि तो हातात धरणारे खोटे? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तुमचं तुम्ही ठरवा.

दहावी_ब (नंदुरबार)

केळीबागेतली ताई, मी तुमच्या वाचकांतलीच आहे, म्हणून लिहिते. आमच्या वर्गात अशा कादंबऱ्या मीच सगळ्यांना देते.

विराजला काढा. दोन मुलांमधून एक निवडायचा हा प्रकार आम्हाला पाठ झालाय. कोणता निवडणार हे तिसऱ्या प्रकरणात कळतं, ज्याच्याशी ती भांडते तोच. मग बाकीची पानं नुसती उलटली जातात. विराज तुम्हाला आवडत असेल तर तो मित्र म्हणून राहू द्या. मुलगा आणि मुलगी नुसते मित्र असतात आणि त्यातला एक जण दुसऱ्याच्या विरोधात जातो, हे आमच्या आयुष्यात घडतं. त्याचं दुःख प्रेमभंगापेक्षा कमी नसतं, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट मला फार जवळची आहे. अशा कादंबऱ्यांत एकच मुलगी सगळ्यांना वाचवते, कारण तिच्या रक्तात काहीतरी वेगळं असतं. आमच्या गावात शिरीषकुमारचं स्मारक आहे. लहानपणापासून त्याच्यासमोरून जाते. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमारचा जन्म १९२६ च्या डिसेंबरातला. म्हणजे त्याला सोळावंही पूर्ण झालं नव्हतं. माझ्या वर्गात बसला असता. त्याच्या रक्तात वेगळं काही नव्हतं. गावातल्या पोरांचा घोळका होता, हातात झेंडा होता, आणि समोर बंदूक दिसल्यावर तो मागे फिरला नाही. सोबतचेही फिरले नाहीत. सरूच्या बरोबर असा घोळका द्या. त्यात भांडणारी मुलं असू द्या, घाबरून घरी जाणारं कुणी असू द्या आणि दुसऱ्या दिवशी परत येणारंही असू द्या.

आणि ताई, प्रेम दाखवताना घाई करू नका. पहिल्याच भेटीत दोघांना कळतं, असं आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे आधी महिनाभर एकमेकांच्या नावावरून मैत्रिणी चिडवतात, मग दोघं एकमेकांशी बोलायचं बंद करतात, मग कुणीतरी वही मागतं. निंबाने सरूकडे काय मागावं ते तुम्ही शोधा. पण त्याने आधी काहीतरी मागावं.

आप्पा_रावेर

पोरी, मी केळीवाला. कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत, पण नात वाचते आणि तिनेच हे पान मला दाखवलं. सांगतो ते माझ्या कामातलं.

पहिलं तुझ्या छताचं. साक्रीवाले सर म्हणतात छत काढ. मी म्हणतो पार काढू नकोस, काच तेवढी काढ. रावेर-यावलची केळी २०९१ ला उघड्यावर राहील असं मला वाटत नाही. आजच बागेला पश्चिमेच्या वाऱ्यापासून वाचवायला कडेने शेवरी नाहीतर गवताची भिंत उभी करावी लागते. पुढे जाळीखालीच बागा होतील. पण एक ध्यानात घे. आपल्याकडचा मे महिन्याचा उन्हाळा कोरडा. ४५ अंशांतही माणूस सावलीत बसून पाणी पीत राहिला तर तगतो, कारण घाम उडतो आणि अंग गार होतं. बंद जागेत केळीची दाट बाग असेल तर तिथली हवा ओली. ओल्या हवेत घाम उडत नाही. माझ्या नातीने शास्त्रातला आकडा सांगितला : ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवायला लागला, की धडधाकट माणूस सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत असला तरी काही तासांत दगावू शकतो. म्हणजे बंद जाळीतली ओली हवा बाहेर काढणारे पंखे ज्याच्या हातात, त्याच्या हातात आत काम करणाऱ्यांचा जीव. तुझ्या मंडळाला शिक्षा द्यायला फटके मारायची गरज नाही. दुपारी पंखे थांबवले की झालं. कुणी विचारलं तर सांगायचं, वीज गेली होती.

दुसरं पाण्याचं. फड पांझरेचा, आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला तसा पाट नाही. पण आमच्याकडे जमिनीखाली पाण्याचा साठा आहे. डोंगरावरून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा पायथ्याला पसरलाय, शास्त्रवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाली विहिरींना मिळतं. आम्ही केळीसाठी ते इतकं उपसलं की पातळी खाली गेली. तापीचं पुराचं पाणी नेऊन या पट्ट्यात जिरवायची मोठी योजना आहे, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा करार २०२५ च्या मे महिन्यात झाला. चांगलं काम आहे, व्हायलाच हवं. तुझ्या गोष्टीत ते झालंय असं धर. साठा भरला. मग तो साठा कुणाचा? जमिनीखालचं पाणी हद्द ओळखत नाही, पण मीटर ओळखतो. तुझं मंडळ तिथून जन्माला येऊ शकतं, आणि त्याने फडाचा कायदा पांझरेवरून उचलून इकडे आणला असं दाखव. म्हणजे सरांचंही राहील आणि माझंही.

तिसरं, आणि हे तुला ठाऊक असणारच, पण तू लिहिलेलं दिसत नाही. केळीचा चीक. घड कापताना अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो. कपड्यावर पडला तर कपडा फाटतो पण डाग जात नाही. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बाह्या बघ. निंबा बागेत काम करत असेल आणि सरू पाटावर, तर सरूच्या ओढणीवर चिकाचा डाग कुठून आला हे कुणीतरी विचारणारच. तिच्या आईनेच विचारावं.

आणि सगळी केळी एका रक्ताची आहे, हेही विसरू नकोस. रोपं प्रयोगशाळेत वाढवलेली, एकाच झाडाची लेकरं. म्हणून एकाला रोग झाला की साऱ्या बागेला धोका. आमच्याकडे हरण्या रोग पडला की रोगट झाडं उपटून पुरून टाकायची, दुसरा इलाज नाही. मंडळाला माणसंही तशीच एकसारखी हवी असतील. यावर मी जास्त बोलत नाही, ते तू बघ.

केळीबागेतली (यावल)

आप्पा, सर, आणि नंदुरबारची मैत्रीण, तिघांचेही मनापासून आभार. दोन रात्री नुसता विचार केला आणि आता लिहायला बसले. नवनगर गेलं. गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याला घडते, जाळीखालच्या बागांत. कायदा फडाचा. विराज मित्र म्हणून राहतो आणि तोच पुढे हवालदार होतो. निंबा पांझरेकडचा, ज्या गावांतून मंडळाने कायदा उचलला त्यांतलाच, म्हणून त्याला मूळचा फड कसा होता ते घरातून माहीत आहे. तो अहिराणी बोलतो.

निंबाने काय मागावं हे शोधताना मला आखाजीची घागर आठवली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पूजतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य असतो. माझ्या जगात माणूस गेला की त्याच संध्याकाळी त्याच्या नावचं पाणी बंद होतं. मग मेलेल्याची घागर भरणं ही चोरीच. पहिला खर्डा टाकते :

*आखाजीच्या आदल्या रात्री सरू चारीच्या तोंडाशी बसली होती. फळी वर, पाणी मोजपट्टीच्या दुसऱ्या रेघेवर. तिसऱ्या रेघेला टेकलं की फळी खाली टाकायची. वरती पंखे घरघरत होते.*

*निंबा बांधावरून उतरला. काखेत कोरी घागर.*

*"पाळीच्या वेळी इथे यायचं नसतं," ती म्हणाली.*

*"मन्ही मायनी घागर शे." त्याने घागर खाली ठेवली, तिच्यापासून लांब. "एक घागर. मी कोनले सांगाव नही."*

*त्याची आई पौषात गेली होती. मंडळाचा माणूस अंत्यविधीच्या आधी येऊन मीटरवरचं नाव काढून गेला होता. सरूला हे माहीत होतं, कारण ती नोंद तिच्याच वहीत होती. त्या दिवसापासून शेवटच्या चारीला दोन बोटं पाणी जास्त जायला हवं होतं. गेलं नव्हतं. ते कुठे गेलं हे तिने विचारलं नव्हतं.*

*पाणी तिसऱ्या रेघेला टेकलं.*

*"भरा," ती म्हणाली, आणि फळीवरचा हात तसाच ठेवला.*

*तो वाकला. त्याच्या बाहीवर कोपरापर्यंत चिकाचे काळे डाग होते. घागरीचा काठ पाण्याला लागला तेव्हा तिने थळाच्या शेवटाकडे बघितलं. तिकडे कोंडाजीबाबाचा वाफा होता, वांग्यांचा. उद्या सकाळी त्याची सून बांधावर येऊन उभी राहील आणि पाटकरणीला काहीच विचारणार नाही, कारण पाटकरीण चुकत नाही.*

दोघांनी अजून एकमेकांना हात लावलेला नाही. लावू की नको, कळत नाहीये.

दहावी_ब (नंदुरबार)

नका लावू! या प्रकरणात तरी नका. मला त्यांच्या हातांपेक्षा त्या सुनेची काळजी लागलीय. सरू तिला सांगते का? सांगितलं तर ती सरूच्या घोळक्यात येईल की विराजकडे जाईल? हे कळेपर्यंत मी पुस्तक खाली ठेवणार नाही.

पांझराकाठ (साक्री)

ताई, "त्या दिवसापासून दोन बोटं पाणी जास्त जायला हवं होतं, गेलं नव्हतं" हे वाक्य प्रकरणाचा कणा आहे. ते हलवू नका. मेलेल्यांचं पाणी मंडळ खातं, हे सरूला तिच्या वहीतून कळतं आणि बंड तिथून सुरू होतं. कुणाच्या भाषणाची गरज नाही. वहीच पुरावा. आणि सरूने वही विराजला दाखवावी, कारण हवालदाराकडे तक्रार करणं हाही फडाचाच नियम आहे. ती नियमाने गेली आणि मित्राने वही ठेवून घेतली, म्हणजे नंदुरबारच्या मुलीने म्हटलेलं दुःखही त्यातच आलं.

प्रकाशकाचा विचार आत्ता करू नका. आधी शेवटापर्यंत लिहा, मग माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरांना वाचायला द्या. ती स्पष्ट बोलतात.

आप्पा_रावेर

पोरी, नातीने मोठ्याने वाचून दाखवलं, घरातले सगळे ऐकत होते. बायकोने एक गोष्ट सांगायला लावली आहे. कोरी घागर एकदा भरून भागत नाही. माती आधी पाणी पिते, मग बाहेरून पाझरते. पहिलं पाणी ओतून द्यावं लागतं, दुसऱ्यांदा भरली की मग ती धरते. निंबाची आई गेलेली आहे, त्याला हे सांगायला घरात कुणी नाही. सरूला माहीत असणार. तेव्हा एक घागर म्हणून आलेल्याला दोन भरू द्याव्या लागतील हे तिला तो वाकायच्या आधीच कळलेलं असेल, आणि तरी ती भरा म्हणाली, असं लिही. फळी तेवढा वेळ जास्त वर राहील. कोंडाजीच्या वाफ्याला तेवढं कमी जाईल, तेही मोजून घे.